लोखंडाचं गणित

माझ्या पीएच.डी.चा विषय लोखंड. पॅलेडियम या महागड्या धातूचं उत्प्रेरकाचं काम साधं लोखंडही करतं, आणि ते नेमकं कसं करतं, हे मला दाखवायचं होतं. कुठल्याही अभिक्रियेच्या वाटेत ऊर्जेचा एक घाट असतो. उत्प्रेरक स्वतः न संपता त्यातून सोपी वाट काढून देतो. तो घाट किती उंच, हे मी धाराशिवच्या आमच्या कॉलेजातल्या एकुलत्या एक बऱ्या कॉम्प्युटरवर, क्वांटम रसायनशास्त्राच्या गणितानं काढत होते. वीज गेली की बरेचदा सगळं पहिल्यापासून. शेवटी उत्तर आलं, घाट बुटका निघाला. भांड्यात अभिक्रियाही झटक्यात होत होती. मी हुरळून गेले.

खंडेनवमीला आमच्या लॅबमध्ये तराजूला, काचसामानाला हळदकुंकू लागतं. त्या दिवशी माझे गाईड, म्हणजे सर, नव्या विद्यार्थ्याला आपल्या वापरातलं काहीतरी देतात. मला त्यांनी चुंबकाची गोळी दिली होती. ही भांड्यात टाकली की खालच्या चुंबकी यंत्रामुळे गरगर फिरून द्रावण ढवळते. "माझ्या हातची हाय, सांभाळ," म्हणाले. मी ती प्रत्येक प्रयोगाला वापरली आणि दरवेळी साबणानं लख्ख घासून ठेवली.

गेल्या उन्हाळ्यात धुताना ती बेसिनच्या भोकात गेली. सोलापूरहून नवी आणली, आणि अभिक्रिया बंद. लोखंडाचा क्षार बदलला, द्रावक बदलला, टँकरच्या पाण्यावर संशय घेतला, ज्याच्या त्याच्यावर डाफरले. काही होईना. मग एका दुपारी चिडून पाना घेतला, बेसिनखालचा पाइप खोलला आणि घाणीतून गोळी काढली. ती टाकताच अभिक्रिया सुरू.

मला नाचायला हवं होतं. पण गोळीवाचून अडतं, तर मग लोखंड काय करतं, हा प्रश्न पडला. दुसऱ्या दिवशी तीच गोळी ठेवून लोखंड घातलंच नाही. तरी अभिक्रिया झाली, तेवढीच छान झाली. गोळीच्या पांढऱ्या आवरणावर बारीक काळपट चरे होते. पुण्याला तपासून घेतलं, तर चऱ्यांत पॅलेडियम. सरांनी तरुणपणी त्यावरच काम केलं होतं. इतकी वर्षं सगळं काम गोळी करत होती आणि लोखंड नुसतं भांड्यात बसून होतं.

सरांना सांगितलं. त्यांनी गोळी उचलून चरे निरखले.

"गणित चुकलं का गं?"

"गणित बरोबर आहे, सर. पण गणितात मी धरलेला लोखंडाचा रेणू भांड्यात तयारच होत नाही."

"मंग प्रबंधातलं काय ठिवता येतंय?"

"काहीच न्हाय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मान खाली घातली. मला त्यांचा राग आला, माझा आला, आणि कशाचाच उपयोग नाही हे कळून रडूही येईना.

त्याच आठवड्यात सास्तूरहून आई आली. पदवीच्या दिवशी नेसायचं लुगडं तिनं आधीच घेतलं होतं, ते पिशवीतून काढून मला दाखवलं. काठावरून हात फिरवत म्हणाली, "लई थकलीस गं. आता कितीक ऱ्हायलंय?"

"थोडंच," मी म्हणाले.

तिला इतकं बरं वाटलं, की तिच्याकडे बघवेना.