हॅस्केलची केझी

केझाया रिव्हर्स कपडे झकास धुवायची आणि त्याहून झकास बोलायची, पण नॅशव्हिलच्या धोबीआळीत तिच्यासमोर एक नाव काढायची कुणाची छाती नव्हती. हॅस्केल. त्या मालकाच्या कापसाच्या मळ्यात तिची तीस वर्षं मातीत गेली होती, आणि त्यानंच तिची सहा वर्षांची मिंटी व्यापाऱ्याला विकली होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, गुलामी सुटली. सरकारी कारकून रिवाजाप्रमाणे मालकाचं आडनाव लिहायला लागला, तेव्हा ही कडाडली, "खोड ते! नदी ओलांडून सुटले मी. रिव्हर्स लिही."

दर रविवारी काळ्या लोकांच्या चर्चमध्ये प्रवचन संपलं की पाद्री वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचायचा. कुणी आईला शोधतंय, कुणी भावाला. खरं सांगायचं तर निम्मी मंडळी प्रवचन सोसायची ती त्यासाठीच. केझायानंही मिंटीसाठी जाहिरात लिहून घेतली.

"बाई, जुनं नाव घाला," पाद्री म्हणाला. "पोरीला तेवढंच ठाऊक असणार."

"माझ्या लेकीनं मला त्या मेल्याची म्हणून शोधायचं? जीभ झडली तरी सांगणार नाही."

ते नाव काही छापलं गेलं नाही. दोन वर्षं जाहिरात आली, उत्तर आलं नाही.

एका मार्चच्या दुपारी दारावर थाप पडली. केझायाचे हात कोपरापर्यंत खळीत होते. बाहेरून एका तरण्या बाईचा आवाज आला, "हॅस्केलची केझी इथं राहते का?"

"हॅस्केलचं कुत्रंसुद्धा राहत नाही इथं! चालती हो!"

पायरी वाजली आणि मग काहीच वाजलं नाही. शेजारची हल्डा कुंपणावरून डोकावली. "कोण होतं गं?"

"मालकिणीनं धाडलं असेल कुणाला. चादरी धुवायला हवी असेल तिला तिची केझी!"

दोघी पोट धरून हसल्या. पुढं महिनाभर केझायानं हा किस्सा ओढ्यावर प्रत्येकीला तिखटमीठ लावून सांगितला.

ऑगस्टमध्ये पाद्रीच्या हाती एक जुना अंक आला. तो वाचायला लागला, "माझी आई, हॅस्केलची केझी, हिला शोधते आहे. विकलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. डाव्या मनगटावर इस्त्रीचा चटका आहे, आईच्या हातून चुकून बसलेला. मार्चमध्ये नॅशव्हिलच्या धोबीआळीत दारोदार विचारलं. कुणीच काही सांगेना. एका बाईनं तर दारसुद्धा न उघडता हाकललं."

पाद्री थांबला. ओढ्यावर हसलेल्या सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. हल्डानं केझायाचा हात धरला.

"ती मी," केझाया म्हणाली. "हल्डा, अगं, ती मीच गं."

दैव देतं आणि कर्म नेतं, असं आपण दुसऱ्याबद्दल किती सहज बोलतो. चौदा वर्षं लेकीचा जो आवाज ऐकायला ती तडफडली, तो आवाज चार हातांवर आला होता, आणि तिला तो ओळखता आला नव्हता. मला तर तिच्यावर रागच धरवत नाही. सुटल्यावर तिच्याकडं स्वतःचं असं नावाखेरीज होतं काय?

जाहिरातीखाली मेम्फिसच्या एका चर्चचा पत्ता होता. पाद्रीनं त्याच दिवशी पत्र धाडलं. तीन आठवडे वाट पाहण्यात गेले. मग उत्तर आलं: मिंटी जूनमध्येच रेल्वेच्या कामावरच्या टोळीबरोबर पश्चिमेकडं गेली. कुठं, ते कुणाला माहीत नाही. आई मेली असं धरून गेली.

केझायाला अक्षरओळख नव्हती. पाद्रीकडून तिनं तेवढीच अक्षरं गिरवून घेतली आणि कपड्यांच्या निळीनं स्वतःच्या दारावर लिहिली: हॅस्केलची केझी. पावसानं धुतली की पुन्हा लिहायची. जाहिरातही आता त्याच नावानं जायची.

हल्डानं एकदा सवयीनं हाक मारली, "केझाया, अगं ए केझाया!"

तिनं ओ दिली नाही. खळीचे हात तसेच, ती दार सताड उघडं टाकून बसली होती. "जुन्या नावानं हाक मार," ती म्हणाली. "मोठ्यानं मार. रस्त्यापर्यंत जाऊ दे."

हल्डाची ते नाव काढायची अजून छाती होईना. मग केझायानं स्वतःच रस्त्याकडं तोंड करून ते नाव घ्यायला सुरुवात केली.