एक स्वप्नातला, एक आटपाडीचा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मी ज्याला भावात खाली आणलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. म्हशीवाले, कडबेवाले, प्लॉटवाले, मंडपवाले, इतकंच काय, माझ्याच लग्नात दक्षिणेवरून अडून बसलेले भटजी, सगळे शेवटी उतरले. दुसऱ्यांच्या शेळ्या राखत मी मोठा झालो, आज विट्यात माझा पशुखाद्याचा धंदा आहे, तो या एका गुणावर. अपवाद एकच. माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. साताऱ्यात वाढलेला, मऊ बोलणारा, बनियनलासुद्धा इस्त्री करणारा हा गडी माझ्यापुढे कधी तसूभर खाली आला नाही. त्याच्यासाठी मी फलटणची एक चांगली मुलगी पाहिली होती. साताऱ्यात चहा घेता घेता मी तिचं शिक्षण, घरची बागायत, भावांचे स्वभाव, सगळं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "दाजी, मुलगी चांगलीच असेल. पण मला मुली नाही, पुरुष आवडतात. संसार करीन तर पुरुषाबरोबर." मी आयुष्यभराच्या सवयीनं विचारलं, "काही कमी-जास्त होणार नाही?" "यात कमी-जास्त नसतं, दाजी," तो म्हणाला, आणि माझ्या चहाचे पैसेही त्यानंच दिले. सौदा तुटल्यावर समोरच्यानं चहा पाजावा यासारखा अपमान नाही.

मिरजेतल्या एका दवाखान्यात तो रक्त काढतो. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पण रक्त द्यायला लोक त्याला शोधत येतात, कारण त्याची सुई कळत नाही. न कळण्याचं कारण हात नव्हे, तोंड. दंडाला रबर बांधलं की हा आपलं स्वप्न सांगायला लागतो. समोरचा माणूस कान देऊन ऐकत राहतो, आणि ऐन रंगात आल्यावर मेव्हणा म्हणतो, "झालं, दाबून धरा." पलूसची एक म्हातारी साखर ताब्यात आल्यावरही येत राहिली. सुईला हात पुढे करून म्हणायची, "आवं, पुढं त्यो काय बोलला का न्हाई, एवढं तर सांगा."

हा 'त्यो' म्हणजे मेव्हण्याच्या स्वप्नातला पुरुष. कॉलेजात असल्यापासून तो मेव्हण्याला दिसतो. उंच, गोरा, पांढऱ्या शर्टातला, नदीच्या घाटावर उभा. घाटावर चिखल असला तरी त्याच्या पायांना लागत नाही. त्याला घाम येत नाही, ढेकर येत नाही, फोन येत नाही. जेवताना तो कधी दिसलाच नाही, त्यामुळे बोटं चाटतो का हा प्रश्नच उद्भवत नाही. अशा माणसाशी भेट ठरलेली असल्यामुळे मेव्हणा झोपायला जाताना दाढी करतो, भांग पाडतो, कानामागे अत्तर लावतो आणि कडक इस्त्रीचा शर्ट घालून आडवा होतो. मला मुलगा झाला तेव्हा मी आनंदाच्या भरात पहाटेच त्याला फोन लावला. भाचा झाल्याची बातमी ऐकून हा कळवळून म्हणाला, "दाजी, आत्ताच फोन करायचा होता का? तो माझ्याकडे वळतच होता हो."

जागेपणीही त्यानं प्रयत्न केले नाहीत असं नाही. मोबाईलवरून ओळखी होत, भेटी ठरत, आणि भेट झाली की मला फोन येई. कराडचा एक इंजिनिअर अगदी सज्जन होता, पण चहा बशीत ओतून प्यायचा. साताऱ्याचा एक प्राध्यापक दिसायला देखणा होता, पण हसताना स्वतःच्याच मांडीवर थाप मारायचा. इस्लामपूरच्या एकात तर काहीच खोट सापडेना, तेव्हा यानं सांगितलं, "दाजी, त्याच्या चपला वाजतात." मी बैल घेताना शेपटीच्या गोंड्यापासून खुरापर्यंत बघतो, दात मोजतो, चालवून बघतो. पण इतकं चिकित्सक गिऱ्हाईक मीही कधी झालो नाही. "अरे, एवढं बघत बसलास तर म्हातारा होशील," मी ओरडलो की तो तितक्याच मऊपणे म्हणे, "होईन की. तो थोडाच म्हातारा होतोय?"

माझा खरा राग मात्र यापैकी कशाचाच नाही. तो आहे एका खिलार बैलजोडीसाठी, आणि तो मी मरेपर्यंत सोडणार नाही. आटपाडीकडच्या एका यात्रेतल्या बाजारात ती जोडी मी हेरून ठेवली होती. पण त्याच आठवड्यात एका टेम्पोवाल्याशी बोलताना मी टेम्पोच्या दारावर हात आपटला. दाराला काही झालं नाही. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. आता आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल समोरासमोर बसतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडे सांगतात. भोवतीच्या गर्दीला काही कळता कामा नये, म्हणून चेहरा दगडासारखा ठेवायचा. डाव्या हातानं सौदा कोणी धरत नाही. गाडी चालवायला मेव्हणा बरोबर होता, म्हणून वाटेत मी त्याला बोटांचे आकडे शिकवले आणि माझ्या जागी बसवला.

मालकाच्या बाजूनं समोर बसलेला दलाल आटपाडीचा होता. काळा, आडवा, गालावर शिंग लागल्याची जुनी खूण, तंबाखूनं रंगलेले दात, आणि आवाज असा की सौदा इथं व्हावा आणि बोभाटा पलीकडच्या तालुक्यात. दोघांनी टॉवेलाखाली हात घातले. थोडा वेळ सगळं रीतीप्रमाणं चाललं. मग दलालाचा आवाज बसला. मग त्याचं तंबाखू चघळणं थांबलं. मी मेव्हण्याच्या पाठीत कोपर मारून विचारलं, "किती म्हणतोय?"

"थांबा दाजी. बोलणं चाललंय."

"अरे बोलणं कसलं? आकडा सांग!"

शेजारच्या एकानं मला डिवचलं, "आण्णा, पाव्हनं सौदा करत्यात का हात बगून भविष्य सांगत्यात?" गर्दी हसली. त्या दोघांना हसणंही ऐकू आलं नाही. बैलांचा म्हातारा मालक दावं धरून कंटाळला. तेवढ्यात अथणीकडचं एक गिऱ्हाईक आलं, त्यानं सरळ तोंडानं भाव सांगितला, आणि म्हाताऱ्यानं दावं त्याच्या हातात दिलं. माझी जोडी माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या गाडीत चढली, आणि दलाल आणि मेव्हणा अजून टॉवेलाखालीच.

परतताना मेव्हण्याचे कान लाल झाले होते. मी विचारलं, "तू शेवटी सांगितलंस तरी किती?"

"सुरुवातीची बोटं भावाचीच होती, दाजी. मग त्याची नाडी लागली हाताला. फार जोरात पळत होती."

"मग?"

"मग माझीही."

मी विट्यापर्यंत ओरडत आलो. त्यातलं एक अक्षर त्याच्या डोक्यात शिरलं असेल तर शपथ.

पुढच्या आठवड्यात आटपाडीकर मिरजेत रक्त तपासायला हजर. उधळलेला बैल शिंगाला धरून थांबवणारा हा माणूस सुई बघून भिंतीला टेकला. तरीही येत राहिला. रक्तात काहीच निघेना, तरी येताना कधी डाळिंबं, कधी भुईमुगाच्या शेंगा, एकदा तर घोंगडं घेऊन आला. मेव्हण्याचे मला रोज फोन सुरू झाले. "दाजी, तो रस्त्यावरून 'आवं डाक्टर' म्हणून हाका मारतो. मी डॉक्टर आहे का?" "दाजी, तोंडात घास असताना बोलतो." "दाजी, त्याचं घोंगडं टोचतं." मी धंद्यातला माणूस. माल पसंत नसेल तर गिऱ्हाईक एकदा नाव ठेवून पुढे जातं. जे रोज येऊन नाव ठेवतं, ते घेणार असतं. कराडच्या इंजिनिअरची तक्रार यानं दुसऱ्यांदा कधी केली नव्हती.

पण एके दिवशी घात झाला. आटपाडीकराच्या दंडाला रबर बांधल्यावर मेव्हण्यानं सवयीनं स्वप्न सुरू केलं. घाट, पांढरा शर्ट, न मळणारे पाय, सगळं. आटपाडीकरानं सगळं ऐकून घेतलं, कापूस दाबून धरला आणि विचारलं, "आनि म्या कुटं हाय त्यात?"

मेव्हण्याला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "तू नाहीस त्यात."

आटपाडीकरानं बाही खाली केली. "मग त्यो येईस्तवर थांबा तुमी. मला बाजार हाय." आणि गेला. नंतर फोन उचलेना.

मेव्हणा रजा टाकून आमच्याकडे विट्याला आला. शर्टाला इस्त्री नाही, दाढी वाढलेली. बायकोनं वाढलेल्या ताटावरून हा नुसती बोटं फिरवून उठे. मी म्हटलं, "एवढं आहे तर जा की त्याच्याकडे." तर म्हणाला, "घरी आई आहे त्याची, गाव आहे. तिथं मी कोण म्हणून जाऊ, दाजी? तुम्ही बैलासाठी गेलात तर कोणी विचारणार नाही." मी म्हटलं, माझी जोडी घालवणाऱ्या दोघांच्या भानगडीत मी पडणार नाही. त्यावर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "परक्यांच्या म्हशींसाठी चार गावं हिंडता, आणि माझ्या भावासाठी आटपाडीला जायला पाय मोडलेत व्हय तुमचे? हात मोडला होता तेव्हा त्यानंच भरवलंय तुम्हाला." एवढ्या मोठ्या आवाजात माझ्या घरात फक्त मी बोलतो. मी गाडी काढली.

आटपाडीकर गोठ्यात होता. त्याची आई चहा देऊन आत गेली. मी बसलो खरा, पण माझी पंचाईत झाली. मी जन्मभर घेणारा. घेणाऱ्यानं मालाला नावं ठेवायची असतात. इथं मी देणाऱ्याच्या बाजूनं आलो होतो, पण तोंडाला वळण घेणाऱ्याचंच. तोंड उघडलं ते खोडी सांगायलाच.

"मेव्हणा माझा हट्टी आहे," मी म्हटलं.

"आसू द्या. हट्टी हाय म्हनून तर एवढी वर्सं एकाच्याच मागं ऱ्हायला."

"झोपायला जाताना अत्तर लावतो."

"लावू द्या की. म्या गोठ्यातनं जातो, दोघांत एकाला तरी वास नगं का चांगला?"

"आपण पाऊल टाकलं की मागून फरशी पुसत येतो."

"माजी आय बी पुसती."

"बैलातलं त्याला ढिम्म कळत नाही. आणि भाकरी थापतो ती नकाशासारखी."

आटपाडीकर उठून उभाच राहिला. "आवं आण्णा, तुमी मेव्हन्याची निंदा कराय आलाय का हितं? लय ऐकून घेतलं. असा मायेचा हात हाय का कुनाचा तालुक्यात?"

मला इतकंच हवं होतं. मी म्हटलं, "नाही. मग चल."

तो पुन्हा खाली बसला. बैलाच्या पाठीवरची गोचीड काढत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्येच्या सपनात म्या न्हाई, आण्णा."

याला काय सांगावं? मला जे दिसलं होतं तेच सांगितलं. "नाहीस, हे खरं. पण स्वप्नातला एखाद्या रात्री नाही आला, तरी हा सकाळी पोटभर जेवायचा. तू येईनास तर माझ्या घरी ताटावरून उठतोय."

गोचीड त्यानं बोटांत तशीच धरून ठेवली होती. ती टाकली, हात धुतले, डोक्याला टॉवेल गुंडाळला. "गाडीत जागा हाय का?" म्हणाला. आतून आईनं विचारलं, "कुटं रं?" तर, "इट्याला. जेवाय," म्हणून ओरडला.

आता दोघं मिरजेत दोन खोल्यांत राहतात. आटपाडीकर बाजारासाठी आठवड्यातले चार दिवस बाहेर असतो. शेजारी त्याला भाडेकरू समजतात. ज्यांना खरं समजलंय ते डाळिंबं घेतात आणि गप्प बसतात. परवा मिरजेत काम होतं म्हणून मी वर गेलो. मेव्हणा एकटाच होता, शर्टाला चुण्या, कांदा चिरत बसलेला, आणि दर थोड्या वेळानं खिडकीतून खाली बघत होता. आटपाडीकर कर्नाटक सीमेपलीकडच्या बाजाराला गेला होता, दुपारी येतो म्हणाला होता, आणि ऊन उतरलं तरी पत्ता नव्हता. मी सहज विचारलं, "स्वप्न पडतं का रे अजून?"

त्याचा हात थांबला. "पडतं, दाजी. तो तसाच उभा असतो घाटावर. अगदी माझ्याकडे तोंड करून. पण आता मलाच थांबता येत नाही. याचा डबा भरायचा असतो." आणि जरा हसून पुन्हा कांद्याकडे वळला. कोण जाणे, डोळ्यांतलं पाणी कांद्याचंच असेल. इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांग पाडला, त्याच्याशी दोन शब्दही बोलायचे राहून गेले होते.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आटपाडीकर आत आला तो शेणानं भरलेल्या पायांनी, खांद्यावर ज्वारीचं पोतं. "चपला बाहेर!" मेव्हणा ओरडला. इतका मोठा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "दुपारी येतो म्हणालास ना? फोनला काय झालं?"

"आवं, ब्याटरी गेली! म्या काय मुद्दाम केलं का?"

"मग दुसऱ्याच्या फोनवरून करायचा!"

"नंबर पाठ पायजे की!"

"इतक्या दिवसांत माझा नंबर पाठ नाही?"

आटपाडीकर पोतं खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला आणि मेव्हण्यानं एकेक आकडा सांगायला सुरुवात केली. तो मागून म्हणत होता, चुकत होता, मेव्हणा पुन्हा पहिल्यापासून सांगत होता. मी खोलीत आहे हे दोघंही विसरले होते. जेवणाची वेळ झालेली, टोपलीत भाकरी, पण दोघांतल्या एकानंही मला जेवून जा म्हटलं नाही. मी चपला घालून खाली आलो. याचा मला चांगला सणसणीत राग यायला हवा होता. त्या रागाची वाट बघत मी गाडी हळू चालवली. तासगाव मागे पडलं, तरी आला नाही.