थोरल्या बाईंचे दोन हंडे

हंड्यावर बोटाचं पेर आपटून आत किती पाणी आहे ते सांगणारी बाई मी जन्मात एकच पाहिली. त्या आमच्या थोरल्या जाऊबाई. घरात सगळे त्यांना थोरल्या बाई म्हणत, मी नुसतं बाई म्हणे. सकाळी चुलीपुढे बसण्याआधी त्या स्वयंपाकघरातले दोन्ही हंडे एकेकदा टक् करून वाजवत आणि विचारत, "ह्यात चार तांबं कमी हाईत. पाय कुनी धुतलं?" मग ज्याने पाय धुतले असतील तो, म्हणजे बहुतेक वेळा माझाच नवरा, गुपचूप गोठ्याकडे सटके. झाकण काढून खात्री करायचा आगाऊपणा मी सुरुवातीला एकदोनदा केला. चाराचे कधी पाच निघाले नाहीत.

आमचं घर उर्से गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी असलेल्या वाडीत होतं. मावळात पाण्याची चणचण, असं परगावच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. हसणारच. चार महिने तिथे भिंतींना शेवाळ येतं आणि वाळत घातलेलं लुगडं आठ-आठ दिवस वाळत नाही. पण ते सगळं पाणी ज्या घाईने येतं त्याच घाईने डोंगर उतरून पवनेला मिळतं. होळी झाली की वाडीतली विहीर तळ दाखवायची. मग उरे तो वरच्या कातळातला झरा. कपारीत पाणी साठलं की ते करवंटीने काढून कळशीत ओतायचं आणि पुन्हा साठायची वाट बघत बसायचं. एक हंडा भरेपर्यंत पायाला मुंग्या येत. शिवाय तो डोक्यावर घेऊन उतरायचं ते निराळंच.

बाईंच्या राज्यात पाण्याला एकाच कामावर सुटी मिळत नसे. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीच्या आंबोणात जाई. अंघोळीच्या दगडाला त्यांनी चर काढून दिला होता, तो थेट भोपळ्याच्या वेलाशी पोचे. भांडी राखेने आणि पेंढ्याच्या मुठीने घासून आधी कोरडी पुसायची, मग घमेल्यातल्या पाण्यातून नुसती फिरवायची, आणि ते घमेलं अळूत रिकामं करायचं. "दोन कामं लावल्याबिगर पान्याला सोडायचं न्हाई," असं त्या म्हणत. स्वतः दीड तांब्यात न्हात. कशा न्हात ते त्यांनाच ठाऊक, पण आमच्या घरात सगळ्यात स्वच्छ लुगडं आणि सगळ्यात स्वच्छ टाचा त्यांच्याच असत. आम्ही बाकीचे बादलीभर पाण्यात न्हाऊनही कळकट ते कळकटच.

त्यांचा स्वभाव मात्र गोड वगैरे मुळीच नव्हता. आमच्याकडे एक दूरचे मामा येत. त्यांना जेवणानंतर अंगणात उभं राहून खळाखळा चूळ भरायची हौस. एक चूळ, दोन चुळा, तिसऱ्या चुळीला बाई शांतपणे पुढे होऊन त्यांच्या हातातला तांब्या काढून घेत. "तोंड धुतलं मामा. आता पोट धुताय का?" मामा रागावून गेले, की पुढच्या वर्षीपर्यंत येत नसत. बाईंना त्याचंही वाईट वाटत नसे.

आता मी या घरात कशी आले ते सांगते. माझे वडील रेल्वेत होते आणि आम्ही लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत राहत होतो. दाराबाहेर नळ. आईची शिस्त अशी, की रोज सकाळी कालचं शिळं पाणी ओतून द्यायचं, हंडा चिंचेने लखलखीत घासायचा आणि ताजं पाणी भरायचं. घरात शिळं पाणी असणं म्हणजे बाईच्या जातीला कमीपणा. ही शिस्त मी माहेराहून आंदणात आणली होती. लग्न माघात झालं तेव्हा विहिरीला पाणी होतं, मीही नव्याची नवरी होते, हंड्यांना कुणी मला हात लावू दिला नाही, आणि होळीला माहेरी गेले ती चैत्र सरल्यावरच परतले. त्यामुळे माझी अक्कल उघडी पडायला वैशाख उजाडला.

बाईंची त्या घरातली जागा कशी होती, हेही सांगायला हवं. माझे थोरले दीर लग्नानंतर तीन वर्षांतच वारले होते. मूलबाळ नव्हतं. सासूबाई कधी चिडल्या की म्हणत, "भावाला बोलावनं धाडते, न्हे म्हनावं तुजी भैन." भावाच्या घरी काय होतं ते बाईंना पक्कं माहीत होतं. तिथे भावजय त्यांना दोन वेळा मोजूनमापून भाकरी वाढायची, तीही बोलून बोलून. म्हणून वाडीतली सगळ्यात मोठी दगदग त्यांनी आपण होऊन डोक्यावर घेतली होती. जोवर पाणी त्यांच्या हातात, तोवर घरात त्यांचं नाव.

त्या वैशाखात नणंदेला बघायला शिरगावची मंडळी येणार होती. आदल्या दिवशी बाईंनी झऱ्यावर चार खेपा केल्या आणि दोन्ही हंडे गळ्यापर्यंत भरून ठेवले. दुसऱ्या दिवशी पहाटे आणखी एक खेप करायला त्या पुन्हा वर गेल्या. मी उठले. पाहुण्यांना शिळं पाणी द्यायचं या विचाराने माझ्या अंगावर काटा आला. मी दोन्ही हंडे अंगणात नेऊन ओतले, थोडं तुळशीला घातलं, चिंचेने हंडे घासले आणि कौतुकाची वाट बघत बसले.

बाई डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी घेऊन आल्या. सवयीने त्यांनी चुलीजवळच्या हंड्यावर बोट वाजवलं. तो देवळातल्या घंटेसारखा वाजला. दुसरा वाजवला, तोही तसाच.

"कुटं गेलं पानी?"

"शिळं होतं. ओतून दिलं," मी म्हटलं.

त्या ओल्या अंगणाकडे बघत राहिल्या. इतक्यात गोठ्यातून सासूबाई आल्या आणि त्यांचा पाय चिखलात रुतला. वैशाखात चिखल! त्यांच्या आवाजाने शेजारच्या कोंबड्या उडाल्या. "पानी कुनी वतलं?"

"म्या," बाई म्हणाल्या. "कळशी उचलताना धक्का लागला. दोनी हंडं कलंडलं."

दोन हंडे एका धक्क्याने कलंडले आणि वर घरंगळत अंगणात गेले, हे तान्ह्या पोरालाही पटलं नसतं. पण सासूबाई रागाने आंधळ्या झाल्या होत्या. "आता मातुर बास झालं," त्या म्हणाल्या. "आजच्या आज भावाला सांगावा धाडते." आणि खरोखरच त्यांनी माणूस धाडला. मी खांबाला धरून उभी होते. तोंड उघडलं नाही. ते गप्प राहणं आजही मला बोचतं.

बाई रिकामे हंडे घेऊन परत निघाल्या तेव्हा मी कळशी उचलून त्यांच्या मागे गेले. कातळ तापला होता. त्या करवंटीने पाणी काढत होत्या, मी कळशी धरून होते. बऱ्याच वेळाने धीर करून मी विचारलं, "बाई, तुम्ही नाव का घेतलं नाही माझं?"

"तू नवी हाईस, धाकले. नव्या सुनंचं नाव एकदा पडलं की मरस्तवर निगत न्हाई." मग त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाल्या, "तुजी आई सांगती ते खोटं न्हाई. नळाचं पानी शिळं व्हत आसंल. डोक्यावरनं आनल्यालं पानी शिळं व्हत न्हाई."

पाहुणे आले, पाणी प्यायले, मुलगी पसंत करून गेले. ते पाणी मी नेऊन दिलं. बाई विधवा, म्हणून मागच्या घरातच बसून राहिल्या.

सहाव्या दिवशी भाऊ आला. बाईंनी त्या दिवशीही पहाटे दोन्ही हंडे भरून ठेवले होते. दोन लुगड्यांचं गाठोडं बांधून त्या ओटीवर आल्या, सासूबाईंच्या पाया पडायला वाकल्या, आणि मी पदर-बिदर न सावरता मधे जाऊन उभी राहिले. "आत्याबाई, पाणी मी ओतलं. दोन्ही हंडे मी ओतले. बाईंनी माझ्यासाठी खोटं सांगितलं."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग बाईंकडे बघितलं. आता आपली रवानगी लोणावळ्याला होणार अशी माझी खात्री झाली. पण सासूबाईंनी बाईंच्या हातातलं गाठोडं ओढून घेतलं आणि घरात भिरकावलं.

"तू गेलीस तर पानी कोन आननार? ही?" त्या बाईंवरच ओरडल्या. भावाला म्हणाल्या, "जेवून जावा." आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हिला उद्यापासनं झऱ्यावर न्हे, थोरले. जलमाला आल्यालं काय तरी शिकव."

पुढची आठ वर्षं बाईंनी मला शिकवलं. हंडा डोक्यावर असताना नजर पुढे ठेवायची, पायांना त्यांची वाट ठाऊक असते. भरल्या हंड्यात आंब्याचा डहाळा टाकला की पाणी हिंदकळत नाही. मुलांना पाणी सांडल्यावर मारायचं नाही, सांडलेलं फडक्याने टिपून ते फडकं माठाला गुंडाळायचं. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांच्या हातची झाली, आणि त्या दिवसांत माझ्या न्हाणाला त्यांनी एक तांब्या कधी कमी पडू दिला नाही. माझ्या आईने मला जन्म दिला, पण घर चालवायला मला बाईंनी शिकवलं, हे मी आईच्या तोंडावरही सांगत असे.

यांना लोणावळ्याला रेल्वेत नोकरी लागली आणि आम्ही वाडी सोडली. निघताना बाईंनी हंड्याखाली डोक्यावर ठेवायची, आपल्या जुन्या लुगड्याची वळलेली एक चुंबळ माझ्या हातात ठेवली. मी हसले. "नळाच्या गावाला चुंबळ कशाला?"

"ऱ्हाऊ दे. नळाचा काय भरवसा," त्या म्हणाल्या. ती चुंबळ मी माठाखाली ठेवली, आणि नळ वाहता राहिला की तिच्याकडे माझं लक्ष जाई.

त्या गेल्या तेव्हाही उन्हाळाच होता. निरोप मिळाला तशी मी तळेगावला गाडीतून उतरून तशीच चालत वाडीवर पोचले. बाई पहाटे झऱ्यावरून आल्या, हंडे भरले, छातीत दुखतंय म्हणून ओटीवर आडव्या झाल्या, आणि संपल्या. मी पोचेपर्यंत त्यांना नेलं होतं. भावकीतल्या बायका घर आवरत होत्या. मयताच्या घरातलं साठलेलं पाणी ओतून द्यायचं, ही आमच्याकडची रीत. दोघीजणी हंडे उचलायला वाकल्या होत्या.

मी पुढे झाले आणि हंड्यावर बोट वाजवलं. पहिला गळ्यापर्यंत भरलेला. दुसरा दोन तांबे कमी.

"हे ओतायचं नाही," मी म्हटलं.

"आगं, शिवल्यालं पानी हाय, रीत हाय..."

"डोक्यावरून आणलेलं पाणी आहे ते. शिळं होत नाही."

कोपऱ्यात सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे गेले होते, कान शाबूत होते. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. "धाकले, मला घोटभर दे त्यातलं." मी फुलपात्र भरून दिलं. त्या एक थेंब न सांडता प्यायल्या, मग रिकामं फुलपात्र छातीशी धरून रडल्या.

ते पाणी आम्ही सगळ्यांनी मिळून दोन दिवस पुरवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मी खुंटीवरची बाईंची चुंबळ डोक्यावर ठेवली, हंडा घेतला आणि झऱ्याकडे निघाले.