अर्ध्या अंगानं बसलेल्या बायका

सर्जरीच्या दवाखान्यात बाकावर बायका एका कुल्ल्यावर बसतात. माझं मूळव्याधीचं ऑपरेशन झालंय, म्हणून मला ते लांबूनही ओळखू येतं. फुगवून बसायची रबरी गादी प्रत्येकीच्या पिशवीत असते, पण बाहेर कोणी काढत नाही.

आज डॉक्टरीणबाई वही घेऊन बाकापाशी आल्या आणि माझ्या शेजारी बसलेल्या पारूला म्हणाल्या, "मावशी, आम्ही या आजाराचा अभ्यास करतोय. शौचाला रक्त पडतं का?"

पारूनं पदर तोंडाशी धरला. "नाही हो. जरा उष्णता आहे. गुलकंद खाते."

आत्ताच तिनं माझ्या कानात सांगितलं होतं, दिवाळीपासून रक्त पडतंय.

मला चीड आली. गुडघा दुखला तर आम्ही गावभर सांगतो, दात पडला तर हसून दाखवतो. मग या जागेनंच काय पाप केलंय? माझी आई उष्णता, उष्णता म्हणतच गेली. गुलकंदाची बरणी मात्र उरली. आम्ही खोटं सांगायचं, तर डॉक्टरांनी अभ्यास कशाचा करायचा? गुलकंदाचा?

मी पिशवीतली गादी काढली, सगळ्यांदेखत फुंकून फुगवली आणि तिच्यावर ऐसपैस बसले.

"पारू, लाजेनं रक्त थांबतं का गं? खरं सांग की!"

"अहो आजी, समोर पुरुष बसलेत."

"मग? त्यांना काय ही जागा नाही?"

समोरचे म्हातारबाबा खोकल्यासारखं करून हसले. पारूनं त्यांच्याकडे बघितलं, पदर सोडला आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशी बोलली, "पडतं रक्त. दिवाळीपासून. लिहून घ्या."