भट्टीतली लाली

साखरेच्या आजारानं नवऱ्याची नजर अधू झाली. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी जपा, गेलेली परत येणार नाही. अंबडला आमचं पितळी भांडी ठोकायचं दुकान. हातोडी ते सवयीनं चालवायचे, पण भट्टीतली लाली त्यांना दिसेना. पितळ ठोकून कडक होतं, म्हणून अधूनमधून तापवून नरम करावं लागतं. कमी तापलं तर ठोकताना चिरतं, जास्त तापलं तर कामातूनच जातं. ती मधली वेळ रंगावरूनच ओळखायची.

दीर म्हणाले, "वहिनी, दुकान भाड्यानं देऊन टाका."

"माझे डोळे शाबूत हायेत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी भट्टीपुढं बसले. उन्हात लाली दिसत नाही, म्हणून शटर अर्धं ओढलं. भंगारातला पत्रा सांडशीत धरला.

"कसा दिसून राह्यला?" नवऱ्यानं विचारलं.

"कुंकवासारखा."

"जास्त झालं. काढ."

पत्रा थंड झाल्यावर त्यांनी त्यावर बोट फिरवलं. संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत झाला होता. पुढचा तुकडा मी भिऊन लवकर काढला, तो हातोडीखाली चिरला. असे कितीतरी तुकडे वाया गेले. हातावर फोड आले. ते म्हणाले, "राहू दे आता."

"न्हाई," मी म्हणाले, आणि दुसरा तुकडा धरला.

त्यात एकदा माझ्या लक्षात आलं. पत्र्याकडं सरळ पाहिलं की काळाच दिसायचा, नजर जरा बाजूला केली की त्यात अंधूक लाली जाणवायची. तेवढ्यात मी तो ओढून काढला. निवल्यावर नवऱ्यानं हातोडीनं टिचकी मारली. एरवी टण्ण वाजणारा पत्रा बद्द वाजला. त्यांनी तो दोन्ही हातांनी वाकवला, पुन्हा सरळ केला.

"बराबर," ते म्हणाले. "अस्साच पाहिजे."

बदनापूरच्या एका शिक्षिका बाईंची घागर बरेच दिवस दुकानात पडून होती. आईची म्हणून त्या दुसऱ्या कुणाला ठोकायला द्यायला तयार नव्हत्या. तिचा खांदा चेपला होता. आम्ही ती कामाला घेतली. मी तापवायची, सांगायची, "झालं." ते चाचपून ठोकायचे. कडक झाली की पुन्हा भट्टी. संध्याकाळपर्यंत खांदा वर आला, चीर कुठंच गेली नाही.

बाई न्यायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "यांना तर नीट दिसत नाही, मग तापवलं कुणी?"

"हिनं," ते म्हणाले. "भट्टी आता तिच्याकडं हाय."

मी सांडशी पुसत होते. मला बरं वाटलं.