काकू म्हणाली, वाढव

धाकट्या बहिणीच्या लेकीचं बारसं झरीला, आमच्या घरी होतं आणि लेकीचा बापच येणार नव्हता. फौजेतला माणूस, ऐनवेळी रजा रद्द. पोर झाल्यापासून त्यानं तिला पाहिलं ते फोनवर, तेही रेंज जाऊन अर्धं तोंड अडकलेलं. त्याचा गाडीवर लावायचा, काडेपेटीएवढा अ‍ॅक्शन कॅमेरा आमच्याकडं पडून होता. त्यावर बारसं घ्या, पोरीचं तोंड नीट दिसलं पायजे, बाकी काय बी नको, असं त्यानं बहिणीला बजावलं. तिनं कॅमेरा माझ्या हातात ठेवला. कॉलेज केलेली म्हणून मला सगळं येतं, असा घरात समज आहे.

आदल्या दिवशी दुपारी बहिणीला पाळण्याशी बसवून घेऊन पाहिलं तर तिचं तोंड तव्याच्या बुडासारखं काळं. पाळणा माजघरातल्या एकुलत्या एका कडीला टांगलेला आणि त्याच्या मागंच अंगणाचं दार. दार लावावं तर बायांनी बसायचं कुठं? कॅमेऱ्याची खोड मला तिथं कळली. तो कुणाचं तोंड बघत नाही, समोरच्या सगळ्या उजेडाचा मिळून अंदाज घेतो. दारातलं ऊन बघून तो सगळंच अंधारं करतो आणि त्यात माणूस जातं. मग मोबाईलवर बघून बघून एकेक सेटिंग फिरवत बसले. शटरचा वेग वाढवला तर अजूनच काळोख. आयएसओ चढवला तर उजेड आला, पण तोंडावर रवा सांडल्यासारखे दाणे. शेवटी एक आकडा सापडला, शून्याच्या अलीकडं वजा, पलीकडं अधिक; वजाकडं नेला की चित्र अंधारं, अधिककडं नेला की उजळ. तोवर मी लय बेजार झाले होते. चिडून शेजारचा हॅलोजनचा मोठा दिवा आणला, पाळण्यावर मारला आणि तोंड फार पांढरं पडू नये म्हणून आकडा वजा एकवर ठेवला. म्हटलं, सुटले एकदाची.

बारशाला हॅलोजन लावला अन् पोरीनं डोळे गच्च मिटून भोकाड पसरलं. दारात बाया दाटलेल्या. पोरीची आत्या नाव सांगायला तिच्या कानाशी वाकलेली, आत्याच्या पाठीत बुक्के घालायला बाया सरसावलेल्या. तेवढ्यात पाळण्यापलीकडून मोठी काकू माझ्यावर डाफरली, "अगं, वाढव की. लेकराला तरास व्हायलाय."

माझं सगळं डोकं त्या आकड्यात. मला वाटलं, ती कॅमेऱ्याचंच म्हणायलीय. हिला मेलीला काय कळतंय, असं मनात म्हणत रागारागानं आकडा पार अधिक दोनवर नेला. आता काकू दिव्याला कधी विझव म्हणत नाही. ते अशुभ. देवापुढची समई असो नाहीतर ट्यूबलाईट, तिच्या तोंडी ती वाढवायचीच. तिला हॅलोजन बंद करून हवा होता. मी ढिम्म, हे बघून तिनं स्वतःच बटण दाबलं. आत्यानं कानात कुर्र केलं, बुक्के पडले, हशा झाला, नाव ठेवून झालं. आता पुन्हा थोडंच होणार होतं?

आकडा मात्र अधिक दोनवरच राहिला होता. बहीण सारखी विचारत होती, नीट आलं का म्हणून. मी घुगऱ्या वाटायच्या निमित्तानं तिला टाळत होते. सगळ्या बाया गेल्यावर मागच्या खोलीत जाऊन लावून बघितलं. दार पांढरंफटक, दारातल्या बाया उन्हात गडप, शेजारीण तर नुसत्या नथीपुरती उरलेली. पण पाळण्यातली पोर लख्ख! हॅलोजन गेल्यावर तिनं रडं थांबवून डोळे उघडले होते. वजा एकवर जे तोंड काळं झालं असतं, ते अधिक दोनवर जसंच्या तसं आलं होतं. तोंड पाहिजे तर दार सोडून द्यायचं असतं, एवढी साधी गोष्ट. मी हुश्श केलं आणि जाऊन काकूच्या गळ्यातच पडले. तिला वाटलं, मला ऊन लागलं.

व्हिडिओ पाठवला. संध्याकाळी पोरीच्या बापाचा फोन आला, बहिणीनं स्पीकर लावला. तिकडं तो व्हिडिओ परत परत लावत होता, बायांचा हशा इकडं ऐकू येत होता. म्हटलं, तिकडं काळंच दिसतंय का काय. मग म्हणाला, "हिच्या डाव्या भुवईत तीळ हाय. तुमी कुणी सांगितलंच न्हाई मला."