निनाईगडावरची रजई

आमचं मालक, दस्तगीर, माणूस सोन्यासारखा, पण भित्रा म्हंजे किती भित्रा! पाल दिसली की खुर्चीवर. सांगलीच्या दवाखान्यात लिफ्टचं दार मिटलं की माझं मनगट धरून "या अल्ला, या अल्ला" चालू. वीज कडाडली तर असं थरथरायचे की आख्खी बाज हलायची. मी वरडायची, "आवं, निजा की गुमान! माणूस हाय का कापूस पिंजायचं मशीन?" तर म्हणायचे, "भ्या वाटतंय, सलिमा." लाज न्हाई, शरम न्हाई, सांगून मोकळे.

आमी पिंजारी. कुंडलात दुकान हाय, गाद्या आन् रजया भरायचं. कापूस ह्येंच्या भुवयांत कायमचाच बसलेला. लग्नाच्या गाद्या भरायला पार कराडपास्नं लोकं ह्येंच्याकडं येत्यात, कारण ह्येंचा टाका उसवत न्हाई.

आमच्या घरात एक जुनी चाल हाय. थंडी पडायच्या आत निनाईगडावरच्या पीराला नवी रजई न्यायची. पाटणच्या डोंगरात हाय त्यो गड. वर एका अंगाला निनाईचं देऊळ, दुसऱ्या अंगाला पीर. पीरबाबा म्हणं गडाचा पहारेकरी, रातभर तटावर उभा असायचा. त्येला गारठा लागू नये म्हणून आमच्या कुणा पिंजाऱ्यानं पयली रजई दिली. सासरे व्हते तवर तेच न्यायचे. ते गेल्यावर मालकांनी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती रजई धाडायला सुरुवात केली. सोता जायचं नाव न्हाई.

ह्या साली आमच्या मदिहानं हट्ट धरला. एकुलती एक पोर, मास्तरीण व्हायला शिकतीय. म्हणाली, "अब्बा, पीराला काय कुरिअर करत्यात व्हय? आपणच जायचं." मला गड-बिड काय वाटत न्हाई, पण ह्या पोरीचं एक दुखणं हाय. कॉलेजात असताना तिला एकच गांधीलमाशी चावली, तर गळा सुजून श्वास आडला. डॉक्टरनं तवाच सांगितलं, परत असं काय चावलं तर जीवावर बेतंल. गडावर माश्या असत्यात हे आमच्या कुंडलात कोण सांगणार?

कराडास्नं वडापच्या जीपनं गेलो. पायथ्याला बिराप्पा धनगर भेटला. देवीचा आन् पीराचा, दोन्ही दिवे त्योच लावतो. गडी बोलका. वाटंला लागायच्या आधीच त्येनं सांगितलं, "पावणं, मधल्या दरवाज्याच्या वर कड्याला आग्या माश्यांची पोळी हायती. लय पूर्वी गनीम दोर लावून कडा चढाय लागला, आन् वर पीरबाबा एकटाच. त्येनं पेटती मशाल कड्यावरनं खाली सोडली. माश्या उठल्या आन् गनीम दोर टाकून पळाला. तवापास्नं ह्या माश्याच गडाचे शिपाई. दरवाज्यात धूर न्हाई, अत्तर न्हाई, आवाज न्हाई. गुमान गेलं तर काय बी करत न्हाईत."

मी पोरीचा दंड धरला. म्हणलं, "मदिहा, माघारी फिर." मालकांचं तोंड तर राखेगत झालेलं, ते म्हणले, "रजई हितंच ठेवू, बिराप्पा न्हेतील वर." पण पोर ऐकंल तर शपथ! "अम्मी, रोज माणसं जात्यात. मी तोंड-हात झाकून घेती की." ओढणी गुंडाळली आन् लागली चढायला. रजई खांद्यावर टाकून मालक तिच्या मागं, आन् मी कलमा म्हणत त्येंच्या मागं.

मधला दरवाजा म्हंजे दिवसा अंधार. दगड घामेजलेले, वटवाघळांचा वास, आत पहारेकऱ्यांची एक खोली, आन् वर बघावं तर कड्याला काळी पोळी लोंबत्यात. ह्या टोकापास्नं त्या टोकापातूर नुसती थरथर. मी डोळं खाली घातलं ते वर केलंच न्हाईत.

आत भिंतीला एक दगड कुंकवानं लाल झालेला. मदिहानं खुणंनंच इचारलं, हे काय? आन् त्या मेल्या बिराप्पाला तोंड आवरंना. हळूच म्हणाला, "ही चिणलेली नवरी. दरवाजा बांधला की ढासळायचा, मग एक नवी नवरी जित्ती भिंतीत घातली, तवा उभा ऱ्हायला. कान लावला तर बांगड्या वाजत्यात." मदिहा बिचारी फुडं निघाली, दरवाजा वलांडून उजेडाच्या पायऱ्यांवर गेली. बिराप्पा तिच्या मागं. मी बी चालले.

मालक मागंच ऱ्हायले. खिशात पीरासाठी घेतलेला उदबत्तीचा पुडा व्हता. भूत-पिशाच्च दिसलं की ऊद जाळायचा, हे त्येंच्या आईनं लहानपणी डोक्यात भरवलेलं. एका बाजूला माश्यांचं भ्या, दुसऱ्या बाजूला त्या नवरीचं, आन् नवरी हातभर अंतरावर! आख्खा पुडा पेटवला त्येंनी. मी वासानं मागं वळले तर धूर छताच्या भेगंतनं वर चाललेला. "आवं, काय केलंसा हे!" एवढंच निघालं माझ्या तोंडातनं.

मग वर काय तरी घरघरलं, मशीन सुरू झाल्यागत. उजेड काळवंडला. मदिहा लय वर गेलेली, बिराप्पाला मीच जवळ; त्यो माघारी पळत आला, मला हाताला धरून पहारेकऱ्यांच्या खोलीत ढकललं आन् खांद्यावरचं घोंगडं दोघांवर वढलं. "मदिहा! माझी मदिहा भायेर हाय!" मी त्येला बोचकारलं, चावले बी. त्यो सोडंना. घोंगड्याच्या फटीतनं मला एवढंच दिसलं की मालक रजई उलगडत उजेडाकडं पळत्यात. पाल बघून खुर्चीवर चढणारा माझा माणूस माश्यांच्या लोटात शिरला.

किती येळ गेला, अल्लाला ठावं. मी हाका मारून मारून घसा बसवला. घरघर कमी झाली तवा बिराप्पानं घोंगडं काढलं. भायेर आलो तर पायऱ्यांवर रजई, रजईवर मालक पालथे, चारी कोपरे हातापायांनी दाबून धरलेले. मान, कान, हात, सगळीकडं नांग्या. मी हाक मारली, ओ न्हाई.

आन् रजईच्या आतनं मदिहाचा आवाज आला. रडत व्हती. "अम्मी, अब्बा माझ्यावर सारखे थरथरत व्हते गं. मला वाटायचं, थरथरत्यात म्हंजे हायत. आता थांबलेत. अम्मी, अब्बा थरथरायचे थांबलेत!"

बिराप्पानं त्येंच्या नाकाला हात लावला आन् पायथ्याच्या धनगरवस्तीकडं बघून शीळ घातली. गडी धावत आले. त्याच रजईची झोळी करून त्येंनी मालकांना खाली आणलं. टाका न्हाई उसवला एक बी. कराडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, सांगता येत न्हाई. मी फरशीवर बसून ऱ्हायले. मदिहाच्या अंगावर एक बी माशी बसली नव्हती, आन् तीच सगळ्यांत जास्त रडत व्हती.

सुजलेले डोळं उघडायला लय दिस लागले. उघडल्यावर पयलं इचारलं, "मदिहा?" मी तिला म्होरं उभी केली. मग म्हणले, "सलिमा, मला लय भ्या वाटलं."

आता घरी हायत. पीराला दुसरी रजई भरून दिली, ती बिराप्पानं पायथ्यावरनं नेली. मालक पयल्यासारखेच भित्रे हायत, कणभर बी फरक न्हाई. पण अशक्तपणा हाय, दुपारचे जेवून कापसाच्या ढिगाला टेकून निजत्यात. निजल्यावर हालत न्हाईत, आन् माझ्या छातीत धडकी भरती. काम टाकून मी उठते, पाठीवर हात ठेवते, हलवून जागं करते.

परवा असंच उठवलं तर दचकून बसले. थरथर कापत म्हणले, "आगं, गडाचं सपान पडलं. माश्या आल्त्या. भ्या वाटतंय."

मी हात पाठीवरनं काढला न्हाई. म्हणलं, "वाटू द्या. लय वाटू द्या."